एकांतात बसायला शिकताना: नव्या ख्रिस्ती भाविकांसाठी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या एका दिवसाची हकिकत आहे. सूर्य मावळल्यावर सगळं गाव दारात गोळा झालं आणि त्याने पुष्कळांना बरं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून पुष्कळ अंधार असताना, तो उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला (1:35). शिष्य शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुम्हाला शोधताहेत. तो उठला, पण त्या गर्दीकडे परत गेला नाही. आसपासच्या गावांना जाऊ या, तिथेही मला उपदेश करायचा आहे, असं म्हणाला. पुढे काय करायचं हे त्या पहाटेला ठरलं, गर्दीच्या आग्रहावर नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एवढंच धरून चालावं: देवासमोर एकटं बसायचं, आपलं वागणं त्याच्या वचनाच्या उजेडात बघायचं आणि उठून माणसांत जायचं. यातला तिसरा भाग गळाला तर पहिले दोन फार काळ टिकत नाहीत. मन शांत होतं का? बऱ्याचदा होतं. पण काही दिवशी उलट अस्वस्थ व्हायला होतं, कारण टाळलेली गोष्ट समोर येते. आमच्या मते ते दिवस जास्त कामाचे असतात.

जागा आणि वेळ

"आपल्या खोलीत जा, दार लावून घे" हे मत्तय 6:6 मधलं वचन वाचून अनेकांना वाटतं, आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं, आपल्याला हे कसं जमणार. त्या वचनाचा रोख लोकांना दिसावं म्हणून केलेल्या प्रार्थनेवर आहे. स्वतंत्र खोलीची अट त्यात नाही. माळवद किंवा गच्ची चालते. ओसरीचा कोपरा चालतो, फक्त रस्त्याकडे पाठ करून बसा. शेत असेल तर आखाड्यावरचं लिंबाचं झाड उत्तम. गावात चर्च असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत दुपारी ते रिकामं असतं. "पाळकसाहेब, मला बुधवारी अर्धा तास आत बसायचं आहे," एवढं सांगून किल्ली मागायला संकोच करू नका.

जागा रोज तीच ठेवा. रोज नवीन जागा घेतली की पहिली पाच मिनिटं इकडेतिकडे बघण्यातच जातात. अंथरुणावर बसू नका, झोप लागते. घर पत्र्याचं असेल तर मार्चपासून जूनपर्यंत सकाळी नऊनंतर आत बसवत नाही, तेव्हा वेळ त्याआधीची धरा. पावसाळ्यात शेतात बसायचं तर बाजेवर बसा, गवतात किंवा कडब्याच्या गंजीला टेकून नको, आणि अंधारात जाताना टॉर्च घ्या. विंचूकाटा आणि साप याच दिवसांत जास्त निघतात. बायकांनी आणि मुलींनी ओसाड जागी एकटीने जाऊ नये. दोघी मिळून जा, पंचवीस-तीस पावलांचं अंतर ठेवून बसा आणि परत निघेपर्यंत बोलू नका. एकांत त्याने मोडत नाही.

घरात आधी सांगून ठेवा. न सांगता कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला आपल्याकडे लगेच विचारतात, "काय झालं? अंगात कणकण आहे का? कोणी काही बोललं का?" त्यापेक्षा "मी सहा ते सहा वीस प्रार्थनेला बसणार, मग चहाला येते" असं सांगा. उठायची वेळ कळली की घरचे वाट बघतात. ती कळली नाही तर हाका मारतात.

वेळ पहाटेचीच हवी असा नियम नाही. बीडकडून ऊसतोडीला गेलेली जोडपी पहाटे तीन-चारला फडात असतात; त्यांना 'लवकर उठून बसा' म्हणणं अन्यायाचं आहे. कारखान्याच्या काट्यावर गाडीचा नंबर लागेपर्यंत जो वेळ जातो, तो त्यांचा एकांत. शाळेत शिकवणाऱ्याला मधल्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं मिळतात. ज्या घरी नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली नाही, तिथल्या बाईला मुलं शाळेत गेल्यावरची वेळ बरी. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी ऐन भरात असताना नवी सवय सुरू करू नका. आठवड्यात मोडते आणि मग 'आपल्याकडून होत नाही' हे मनात बसतं.

सामान थोडं आहे: छापील पवित्र शास्त्र, शंभर पानी वही, पेन आणि गजराचं साधं घड्याळ. मोबाइलवरचं बायबल पहिले तीन महिने बाजूला ठेवा. वचन वाचताना वर नातेवाइकांच्या ग्रुपचा मेसेज सरकत आला की लक्ष गेलंच, परत आणायला पाच मिनिटं लागतात. फोनशिवाय घड्याळच नसेल तर फ्लाइट मोड लावून फोन पालथा ठेवा.

वीस मिनिटं कशी घालवायची

पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटं बसा, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यापासून वीस. पहिल्याच दिवशी तासभर बसणारी माणसं चौथ्या दिवशी दिसत नाहीत.

पहिली दोन मिनिटं स्थिर होण्यासाठी. पाठ सरळ, हात मांडीवर. "प्रभू, मी इथे आहे" एवढं हळू आवाजात म्हणा आणि श्वास आपोआप संथ होऊ द्या. त्याची काही खास पद्धत शोधू नका.

मग वाचन. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा: 16 अध्याय आहेत, रोज आठ ते दहा वचनं घेतली तर अडीच महिन्यांच्या आसपास पूर्ण होतं. ठरलेला भाग दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठांनी पुटपुटत. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळखीच्या ओळींवरून घसरतात. ओठ हलले की गती आपसूक कमी होते. जिथे अडकल्यासारखं वाटेल, मग ते आवडल्यामुळे असो की खटकल्यामुळे, तिथे थांबा आणि ते एकच वाक्य पाच-सहा मिनिटं धरून ठेवा. हे वाक्य माझ्या कालच्या कोणत्या गोष्टीला लागू पडतं, हा एक प्रश्न पुरे. उपदेश तयार करू नका. हे वचन अमक्याला कसं लागू पडतं, असा विचार आला की समजा, तुम्ही स्वतःवरून नजर काढून घेतली.

त्यानंतर देवाशी बोला. रोजच्या भाषेत, घरी बोलता तशा. राग असेल तर राग सांगा. स्तोत्रांत तक्रारी भरपूर आहेत. मग तीन मिनिटं काहीच बोलू नका. नवख्याला ही तीन मिनिटं सगळ्यात लांब वाटतात. विचार येतील: दूध नासलं असेल का, गॅस बुक करायचा राहिला, आज बँकेत गर्दी असेल. आलेल्या विचाराशी झटापट नको. वाचलेलं ते वाक्य एकदा परत म्हणा आणि पुढे बसा. तीन मिनिटांत दहादा असं झालं तरी बिघडत नाही.

शेवटी वहीत तारीख घाला आणि एक ओळ लिहा. एकच. पानभर लिहायला लागलं की लिहिण्याची हौस वाढते आणि आत्मपरीक्षण बाजूला राहतं.

मधेच मूल रडलं, पाहुणा आला, टँकर आला तर उठा. येशूने शिष्यांना "एकांतात चला, थोडा विसावा घ्या" म्हणून नेलं, आणि पलीकडे उतरताच समोर लोकसमुदाय उभा होता. त्याला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला (मार्क 6:31-34). उरलेली मिनिटं रात्री भरून काढता आली तर काढा.

रात्रीची दहा मिनिटं

नैतिक वाढीच्या दृष्टीने आम्ही या दहा मिनिटांना सकाळच्या वीसपेक्षा जास्त वजन देऊ. ही पद्धत लॉयोलाच्या इग्नेशियसने नीट बांधून दिली. तो आधी शिपाईगडी होता. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी काही महिने एकांतात राहिला आणि तिथल्या अनुभवावरून त्याने ही साधना लिहून काढली. कॅथलिकांत ती फार चालते, पण त्यात असं काही नाही जे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट अशा प्रोटेस्टंट मंडळीतल्या माणसाला करता येऊ नये. पाच टप्पे आहेत: आभार, उजेडाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय.

एक दिवस घेऊन बघू. वस्तीत दुपारी टँकर आला, नंबरावरून शेजारणीशी वाजलं. तुमचा हंडा तिसरा होता, तिने मधे घुसवला, तुम्ही तिच्या मुलीच्या मोडलेल्या लग्नाचा उल्लेख केला. ती गप्प झाली. तुम्हाला पाणी मिळालं.

रात्री बसल्यावर भांडणापासून सुरू करू नका. आधी आभार: पाणी आलं, धाकट्याचा ताप उतरला, दुपारी वारा सुटला. दोन मिनिटं, मोजून तीन गोष्टी, आणि तीनही आजच्या हव्यात. हा टप्पा गाळला की उजळणीचं उलटतपासणीत रूपांतर होतं. मग उजेड मागा. स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचनं, "हे देवा, माझी झडती घे" अशी सुरू होणारी, यासाठी पाठ करून ठेवा. मग सकाळपासून दिवस चालत या. टँकरपाशी आलात की मन तिची चूक दाखवायला लागेल. ती चूक खरी असू शकते. पण तिचा हिशेब आज तुमच्याकडे नाही. तुम्ही स्वतःला विचारा: त्या क्षणी मला पाणी हवं होतं की तिला गप्प करायचं होतं? हंडा मागे घ्यायला लावण्यासाठी लग्नाचा विषय लागत नव्हता. इथे नेमकं पाप हाती येतं: दुसऱ्याच्या जखमेचा हत्यार म्हणून वापर. 'मी रागीट आहे' असं मोघम लिहिलं असतं तर उद्या करण्यासारखं काहीच उरलं नसतं. आता उरतं. क्षमा देवाकडे मागायची आणि उद्या तिच्याकडेही, तिच्या दारात जाऊन, बाकीच्या बायका नसताना. "ताई, काल मी तुमच्या पोरीचं काढायला नको होतं." एवढंच. नंबराचा विषय त्यात आणायचा नाही, नाहीतर माफीचं पुन्हा भांडण होतं.

एखादी खोड रोजच डोकं वर काढत असेल, म्हणजे खोटं बोलणं, चहाडी, मापात मारणं, कुणाच्या जातीवरून मनात तुच्छता येणं, तर इग्नेशियसचीच दुसरी युक्ती आहे. वहीत सात दिवसांच्या चौदा आडव्या रेघा आखा, दिवसाला दोन. सकाळी उठल्यावर त्या एका खोडीचं नाव घेऊन निश्चय करा. दुपारच्या जेवणानंतर पहिल्या रेघेवर, जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके द्या. रात्री दुसऱ्या रेघेवर. मग दुसरी रेघ पहिलीशी ताडून बघा, आजचा दिवस कालशी, हा आठवडा मागच्याशी. घसरलात त्याच क्षणी छातीला हात लावायचा, असंही त्याने सांगितलं आहे. चारचौघांत कुणाच्या लक्षात येत नाही. एका वेळी एकच खोड घ्या. तीन घेतल्या की ठिपके वाढतात आणि माणूस वही बंद करतो.

वही कुणाच्या हाती लागेल अशी ठेवू नका, दुसऱ्यांची पूर्ण नावं लिहू नका. महिन्याने वाचून झाल्यावर पानं फाडून टाकली तरी चालतात.

काय बिघडतं आणि का

झोप. रोजच लागत असेल तर तो भक्तीचा दोष नाही, झोप कमी पडते आहे. 1 राजे 19 मध्ये एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाची मंद वाणी ऐकायला तो त्यानंतर डोंगरावर गेला. तुम्हीही आठवडाभर अर्धा तास आधी झोपून बघा.

कोरडेपणा. तीन-चार आठवड्यांनी वचन कागदासारखं वाटायला लागतं, सुरुवातीचा गोडवा जातो. हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. अशा वेळी वेळ कमी करण्याचा मोह होतो. इग्नेशियसचा सल्ला उलटा आहे, ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसा, आणि अशा दिवसांत आधीचे निर्णय बदलू नका. लग्न मोडायचं, नोकरी सोडायची, मंडळी बदलायची हे तेव्हा ठरवायचं नसतं.

कंटाळ्याची दुपारची तऱ्हा वेगळी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने तिचं वर्णन केलं आहे: सकाळी दहाच्या सुमारास सुरू होते, दुपारी दोनपर्यंत टिकते, सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस सारखा खिडकीतून डोकावतो, कोणी भेटायला येतंय का बघतो. मे महिन्यातली परभणीची दुपार ज्याने काढली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. उपाय साधा आहे: अशा वेळी हाताला काम द्या. तूर निवडा, दोरी वळा, आणि एकच वचन म्हणत राहा.

अपराधी भावनेचा फास मात्र गंभीर असतो. काही माणसं क्षमा मागूनही तेच पाप पुन्हा पुन्हा मोजत बसतात, रात्रीची दहा मिनिटं तासावर जातात. ओळखण्याची खूण अशी: पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा एक ठरावीक कृती दाखवतो आणि परतीची वाटही दाखवतो, 'तू वाईटच आहेस, तुझं काही होणार नाही' हा मोघम सूर त्याचा नसतो. पौलाने 2 करिंथ 7:10 मध्ये दुःखाचे हे दोन प्रकार वेगळे केले आहेत. अशा माणसाने रात्रीचं परीक्षण पाच मिनिटांवर आणावं, त्यातली तीन आभाराला द्यावीत आणि एकाच फादरांशी किंवा पाळकांशी नियमित बोलावं. चार जणांना विचारलं की चार उत्तरं मिळतात आणि फास आवळतो.

उलट बाजूला मोठेपणा आहे. महिनाभर नेमाने बसल्यावर उशिरा उठणाऱ्या भावाकडे, चर्चमध्ये गप्पा मारणाऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघणं सुरू होतं. लूक 18 मधल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आठवड्यातून दोनदा उपास करत होता आणि त्याचा दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) चोख होता. घरी नीतिमान ठरून गेला तो दया मागणारा जकातदार. बसायला लागल्यापासून घरात तुमची चिडचिड वाढली का, हे बायकोला किंवा नवऱ्याला दर महिन्याला विचारा आणि उत्तर आलं की वाद घालू नका.

'देवाने मला सांगितलं' असं म्हणण्याचीही घाई करू नका. एकांतात मनाचे आवाज मोठे होतात. जे ऐकलं ते शास्त्राशी जुळतं का बघा, मंडळीतल्या दोन पोक्त माणसांना सांगा, आठ दिवस थांबा.

आणि कुणी एकांतात बसूच नये तेही सांगायला हवं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, कर्जाने किंवा नापिकीने जीव नकोसा झाला असेल, आठवडे झोप नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर त्या माणसाने एकटं बसू नये आणि इतरांनी त्याला एकटं सोडू नये. त्याला सोबत हवी आणि डॉक्टर हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही.

अर्धा दिवस

तीन महिने सवय टिकली की वर्षातून दोनदा अर्धा दिवस काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवातही बहुधा फेब्रुवारीतच होते. दोन लिटर पाणी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शास्त्र, वही. मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशी राहू नका. नऊला पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं डोक्यात फिरणारी सगळी कामं एका पानावर उतरवा आणि पान मिटा. दहापर्यंत स्तोत्र 139, मग वीस मिनिटं संथ चाला. पुढचा तास लूक 15 मधल्या उधळ्या मुलाला द्या. अर्धा तास धाकट्याच्या जागी बसून वाचा, अर्धा तास थोरल्याच्या. बारापर्यंत उरलेल्या वेळात काही करू नका. मग भाकर खा, आणि साडेबारा ते एक या अर्ध्या तासात एकच गोष्ट लिहा: कुणाशी काय दुरुस्त करायचं, आणि कोणत्या तारखेला.

बहुतेकांच्या वहीत इथे भाऊ येतो, आणि भावाच्या मागे बांध किंवा उसने पैसे. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीला बेथेल नाव दिलं. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातल्या बेथेलला याकोब एकटाच उशाला धोंडा घेऊन झोपला होता, भावाला फसवून पळताना. वर्षांनी परत येताना तो पुन्हा एका रात्री एकटा राहिला, यब्बोक नदीच्या काठी. पण त्या रात्रीआधी त्याने त्या भावाकडे, एसावाकडे, साडेपाचशेवर जनावरं पुढे पाठवली होती, आणि सकाळी लंगडत जाऊन सात वेळा जमिनीपर्यंत वाकला.

तोच क्रम तुम्ही धरा. पैसे द्यायचे असतील तर आधी द्या, बोलणं नंतर. पूर्ण रक्कम नसेल तर हप्ते ठरवा आणि कागदावर लिहून सही करून द्या. बांध सरकवला असेल तर आधी तुमच्या बाजूने मागे घ्या, मग निरोप पाठवा. माफी फोनवर मागू नका, पंचांसमोर नको, लग्नाच्या मांडवात तर नकोच. "तूही तेव्हा" हे शब्द आले की थांबा आणि परत या. समोरच्याने दार लावलं तर त्याच्यावर रागावू नका. पैसे त्याच्या घरच्या मोठ्या माणसाकडे देऊन या, आणि पुढच्या महिन्याची तारीख वहीत लिहून ठेवा.